आधी आवाज, मग पाय

१

नवी सून घरात आली आणि गाडीचा ब्रेक वाजायला लागला, असं शेजारच्या इतवारीबाईंनी अख्ख्या वस्तीला जोडून दाखवलं. पायगुणाचा इतका यांत्रिक पुरावा आजवर कुठल्या सुनेच्या वाट्याला आला नसेल. मी काही बोलले नाही. तशीही मी कमीच बोलते. सासरी त्याला संस्कार म्हणतात, माहेरी घुमेपणा म्हणायचे.

गाडी जुनी, तिसऱ्या हाताची. राजदीपनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ती आईंसाठी घेतलेली. आई म्हणजे सीताबाई, माझ्या सासूबाई. त्यांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आमच्या मूल गावाहून चंद्रपूरला डायलिसिसला न्यायचं. पाळी चुकली की अंगात पाणी भरतं, पाय सुजतात, मग ते पाणी छातीत चढतं. एसटीत उभं राहणं त्यांना जमत नाही आणि बसायला मिळेल याची खात्री नाही. त्यामुळे ही गाडी म्हणजे त्यांचा अंगाबाहेर ठेवलेला एक अवयवच होता.

बसायच्या जागा ठरलेल्या. आई पुढं, कारण तिथं सुजलेले पाय लांब करता येतात. मी मागं, फाईल, चादर आणि घोटाघोटानं प्यायची पाण्याची बाटली घेऊन. मूल सुटलं की जंगल लागतं. चैत्र होता. मोहाखालचा पाचोळा जाळलेला, त्याचा धूर आणि मोहाचा गोडूस वास काचा लावल्या तरी आत यायचा. बायका टोपल्या घेऊन फुलं वेचत असायच्या.

ब्रेकचा आवाज ताटाच्या तळाला सुरी ओढावी तसा होता. "पॅड घासले असतीन," राजदीप म्हणायचा आणि गाणी मोठ्यानं लावायचा. आमच्या घरात बऱ्याच दुखण्यांवर हा इलाज चालतो.

न बोलणारी माणसं बघत बसतात. मला मागून राजदीपचा उजवा गुडघा दिसतो. ब्रेक मारायचा तर पाय उचलून डावीकडे घ्यावा लागतो, तेव्हा तो गुडघा जरासा वर येतो. त्या शुक्रवारी जंगलातल्या बांबूच्या वळणावर आवाज झाला, गाडी हळू झाली, आणि त्यानंतर गुडघा वर आला.

आपली नजर चुकली असेल, असं मी ठरवलं. परत येताना तिथंच डोळे लावून बसले. आधी आवाज, मग पाय.

पुढं बसलेल्या आईंनी त्याच वेळी आपले पाय सीटखाली आखडून घेतले. बसमध्ये कुणी शेजारी येऊन उभं राहिलं की आपण घेतो, तसे.

२

प्रफुलचं गॅरेज मूलमध्येच, तलावाच्या बाजूला. तो राजदीपचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या घरचे सगळे मासेमारीतले. यानं जाळ्याऐवजी पाना धरला.

"काय बे राजदीप, फिरवाले म्हणून वहिनीले गॅरेजातच आणलं काय?"

"ब्रेक पाहून दे. तोंड कमी चालव."

"ब्रेक मी पाहून घेईन. तू वहिनीले चहा पाज. बिचारी बोलत नाई, म्हंजे तू उपाशीच ठेवत असशीन."

त्यानं चारही चाकं काढली. पुढचे पॅड अर्धे शिल्लक होते, पण त्यांना काचेसारखी चकाकी आली होती. ती त्यानं पॉलिश पेपरनं घासून काढली. मागच्या ड्रममधून काळी भुकटी झटकली. कोरड्या पडलेल्या पिना ग्रीस लावून बसवल्या. मग पुढच्या चाकाच्या डिस्कमागं जो पत्रा असतो, त्यात अडकलेला गिट्टीचा एक खडा उपसून माझ्या तळहातावर ठेवला.

"घ्या वहिनी, तुमचा पायगुण. एवढुसाच होता."

सासरी आल्यापासून मी पहिल्यांदा मोठ्यानं हसले. राजदीप वळून बघायला लागला.

गाडी तलावाला फेरी मारून आली. आवाज नाही. मंगळवारी मूल सुटेपर्यंतही नव्हता. बांबूच्या वळणावर आला.

घरी आल्यावर मी राजदीपला सांगितलं, "तुम्ही पाय ठेवायच्या आधी आवाज येतो."

"तू तं मागं बसते. तुले काय दिसते?"

"गुडघा दिसतो."

"माझा गुडघा पाहत राह्यते काय तू?" तो इतका खूश झाला की तो विषय भलतीकडेच गेला. नव्या लग्नात बरेच विषय तिकडेच जातात.

३

"कोणत्या चाकातून येते ते समजाले पायजे," प्रफुल फोनवर म्हणाला. "एकानं चालवाव, एकानं मागं खाली कान लावून राहाव. वहिनीले सांग, त्यायले आयकासाठीच बनवलं हाये."

म्हणून शुक्रवारी मी ड्रायव्हरच्या सीटमागं, गाडीच्या तळाशी आडवी झाले, मॅटवर कान ठेवून. खालून गाडी अगदी वेगळी असते. गिअरची घरघर, खडे उडाल्याचे टणत्कार, डांबराचा एकसारखा सुस्कारा. समोर सीटच्या खालची फट. तिच्यात सीटच्या लोखंडी पट्ट्या, गोळीचा एक कागद, बाटलीचं झाकण. त्यापलीकडे उजेडात राजदीपच्या टाचा आणि पायाखालची तिन्ही पेडलं.

त्याचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवर होता. डावा खाली टेकलेला.

मधलं पेडल खाली जायला लागलं.

धक्का बसल्यासारखं नाही. चिखलात पाय ठेवण्याआधी माणूस जमीन चाचपतो, तसं हळूहळू, आणि मग सगळा भार दिल्यासारखं. आवाज झाला. त्यानंतर राजदीपचा पाय उचलला गेला आणि आधीच दबलेल्या पेडलवर येऊन टेकला.

"पेडल खालीच गेलं राहते," वरून तो कुरकुरला. "हवा धरली वाटते लाइनीत."

माझे वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. आमच्याकडे अंगात येणाऱ्या बाईलाही आधी थर्मामीटर लावायचे. मी पडल्या पडल्या कारणं काढायला लागले. मॅट अडकली असेल. स्प्रिंग तुटली असेल. ब्रेकला जोर देणारा जो डबा असतो, तो पेडल ओढून घेत असेल. कारणं चांगली होती. फक्त पेडलच्या रबरावर चार बोटांएवढी ओली माती होती, आणि राजदीपच्या पायात बूट होते, तिला कारण सापडेना.

उठून बसल्यावर विचारलं, "आई, पायाशी तुम्हाला काही दिसतं का हो?"

"मी बाहीर पाहून राह्यली व," आई म्हणाल्या. "खाली काऊन पाहू?"

त्यांचे पाय सीटखाली होते.

४

प्रफुलनं ब्रेक ऑईल बदललं, लाइनीतली हवा काढली, नवे पॅड टाकले. "आता वाजला तं मी मिशी काढतो," म्हणाला. पाय नसताना पेडल खाली जाऊ शकतं का, असं मी विचारल्यावर मात्र त्यानं पाना खाली ठेवला.

"नाई जी. पाय लागतेच."

पुढच्या मंगळवारी गाडी त्या वळणावर इतकी मंदावली की मागचा ट्रक शिव्या देत पुढं गेला. राजदीप ॲक्सिलरेटर तळाला दाबून होता. कशीबशी सुटली ती, पण आम्ही पोचलो तोवर आईंचं मशीन दुसऱ्या पेशंटला लागलं होतं. दुपारपर्यंत बाकावर थांबलो. आईंचे ओठ जांभळे झाले. नर्सबाई रागावल्या नाहीत, तेच वाईट होतं. हलक्या आवाजात म्हणाल्या, "आता यांच्या फुप्फुसात पाणी चढतंय. असाच उशीर होत राहिला तर एक दिवस आणूनही उपयोग नाही."

दुसरी गाडी शोधली. लग्नसराई होती, वस्तीतल्या चारचाकी वऱ्हाडाला दिलेल्या. ॲम्ब्युलन्स यायची ती श्वास अडकल्यावर. आईंना न्यायचं तर याच गाडीतून, आणि याच रस्त्यानं.

पुन्हा गॅरेज. तिथली जमीन उतरती आहे आणि आमच्या गाडीचा हँडब्रेक नीट लागत नाही, म्हणून चाकामागं लावायचा एक गोटा राजदीप दिक्कीत ठेवायचा. प्रफुलनं तो काढला, चाकाशी वाकला आणि तसाच थांबला. गोट्याच्या एका अंगाला शेंदूर होता.

"हा कुठचा बे?"

"रस्त्यावरचा."

"ढिगावरचा?"

जंगलात वाघानं माणूस नेला की त्या जागी रस्त्याकाठी दगड रचतात. येणारा-जाणारा त्यावर एक दगड, नाहीतर पानांची डहाळी टाकून पुढं जातो. अलीकडे त्या रस्त्याला असे ढीग वाढलेत. मी आधी ते रस्ता दुरुस्तीचे समजत होते.

"पंक्चर झालं होतं," राजदीप म्हणाला. "लग्नानंतरच्या पहिल्याच फेरीले. आई झोपली होती. चाकाले काईतरी लावलं पायजे ना? गोटा दिसला, लावला. कामाचा वाटला, दिक्कीत टाकला."

"कोणत्या ढिगाचा?"

"मले काय मालूम? सारे सारखेच. अन् तू काऊन घाबरवून राह्यला? आमच्या घरी हे चालत नाई."

"चालत नाई तं नाई. मी काई म्हणलो? ठेवून ये फक्त."

प्रफुलनं चाकामागं लाकडाचा ठोकळा सरकवला. गोटा दिक्कीत परत ठेवला तो फडक्यात धरून.

५

राजदीप ठेवणार नव्हता, हे मला माहीत होतं. त्याची चूकही नव्हती. आमच्या दोन्ही घरांत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे आणि त्याखाली बावीस प्रतिज्ञा. माझ्या आजोबांनी देव्हारा विहिरीत बुडवला आणि परत घरी येऊन जेवले. मी त्यांची नात, दगड ओढणीखाली लपवायचा विचार करत होते. दगडात काही नसेल तर तो परत ठेवण्यातही काही नाही, असं मी स्वतःला समजावलं. युक्तिवाद बिनतोड होता.

शुक्रवारी त्या वळणाच्या अलीकडे म्हटलं, "थांबवा जरा. मळमळतंय."

राजदीप आणि आईंनी एकमेकांकडे असं पाहिलं की मला लाज वाटली. ती आशाही मी त्या दगडासोबत उचलली.

पाण्याच्या निमित्तानं दिक्की उघडली. गोटा ओढणीत घेतला. रस्त्याच्या कडेला दोन ढीग होते. एक जुना, वेलींनी धरलेला. दुसरा अलीकडचा, वाळलेल्या डहाळ्या, फुटक्या हिरव्या बांगड्या, वर ओला वाटावा असा शेंदूर. माझ्या गोट्यावरचा शेंदूरही ताजाच होता. म्हणजे हा. मी नव्या ढिगावर गोटा ठेवला. काही म्हटलं नाही, हात जोडले नाहीत. तेवढं राखलं.

गाडी निघाली आणि जुन्या ढिगाची पलीकडची बाजू समोर आली. तिकडच्या दगडांना कुणीतरी नव्यानं शेंदूर लावला होता. वरच्या बाजूला एक खळगा होता. गोट्याएवढा.

"थांबवा," मी म्हणाले.

"पुन्हा? चंद्रपूर आलं की डॉक्टरलेच दाखवू तुले."

त्यानं थांबवली नाही. गाडी वळण घेऊन गेली आणि आवाज आला नाही. पूर्ण रस्ताभर आला नाही. आईंना वेळेवर मशीन मिळालं. राजदीपनं गॅरेजात फोन लावून प्रफुलला शिव्यांच्या भाषेत धन्यवाद दिले. परतताना मी त्याला थांबायला सांगणार होते. पण आई डोळे मिटून शांत झोपल्या होत्या, ब्रेक गप्प होता, आणि मी गप्प राहिले.

६

मंगळवारी आईंना आडवं होता येत नव्हतं. उशांना टेकून, बसल्या बसल्या श्वास ओढत होत्या. प्रत्येक श्वासाला हंड्यातलं पाणी हलावं तसा आवाज. ॲम्ब्युलन्सची वाट बघायला वेळ नव्हता. राजदीपनं त्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं. गाणी लावली नाहीत.

बांबूच्या वळणावर गाडी थांबली. आवाज न करता. घाईत असलेल्या माणसाला कुणी खांद्याला धरून उभं करावं, तशी.

राजदीपनं गिअर बदलला, ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडत राहिलं. तो उतरून चाकांशी वाकला. "चारही जाम हायेत. चारही!" मोबाईलला रेंज नव्हती. "मी मागं पळतो, वळणापलीकडून गाडी येईन तं दिसन," म्हणाला आणि पळत सुटला. मागून काहीच येत नव्हतं.

आईंचं डोकं काचेला टेकलं होतं. डोळे उघडे. दोन्ही पाय सीटवर वर घेतलेले. एवढे सुजलेले पाय त्यांनी कसे उचलले असतील, कोण जाणे.

मी उतरून राजदीपच्या बाजूचं दार उघडलं. ब्रेक तळाला जाऊन बसला असेल, हातानं वर ओढू, इतकाच विचार होता. डांबरावर गुडघे टेकले, स्टिअरिंगखालच्या अंधारात हात घातला, पेडल चाचपलं.

पेडलवर पाऊल होतं.

मला दिसत काळी मॅटच होती. हाताला पाऊल लागत होतं. थंड. वर वाळलेला चिखल, टाचेला बोट जाईल एवढ्या खोल भेगा. बोटात जोडवं. पोटरीकडे मी हात नेला नाही. पोटरी असेल की नाही, हे मला कळून घ्यायचं नव्हतं.

मॅट, मी म्हणाले. मॅटची घडी असेल. मॅटला जोडवं नसतं.

"सांग तिले," आई म्हणाल्या. एका शब्दाला एक श्वास. "मायं. आयकत. नाई."

मी ते पाऊल दोन्ही हातांनी धरलं. माझ्या घरात कुणी कुणाच्या पायावर डोकं ठेवत नाही. मी कपाळ पेडलपर्यंत नेलं.

"बाई, सोडा जी. आमची माय मरून राह्यली. मी चुकली. दुसऱ्याच्या ढिगावर ठेवला. तुमाले सोडून देतो, तुमी म्हणसान तिथी सोडतो. घरी सोडतो. पण आता पाय काढा."

कुणाचं घर, याचा विचार केला नाही. तेव्हा एकच घर आठवत होतं, जिथून आम्ही सकाळी निघालो होतो.

अंगठा हलला. मग भार कमी झाला. पेडल माझ्या हातासकट हळूहळू वर आलं.

हँडब्रेक धरतच नव्हता, गाडी उतारावर सरकायला लागली. मी दाराला लोंबकळत राजदीपला हाका मारल्या. तो धावत आला, उडी मारून आत बसला.

"काय केलं तू?"

"मॅट अडकली होती," मी म्हणाले.

७

आईंना सरळ आत घेतलं. ऑक्सिजन लावला, मशीन लावलं. दुपारी त्यांच्या ओठांना रंग आला. चहा मागितला, मिळाला नाही, नर्सबाईंना दोन शब्द ऐकवले. राजदीप व्हरांड्यात जाऊन रडून आला आणि तोंड धुऊन आला.

परतताना वळणावर मी थांबायला लावलं. या वेळी कारण दिलं नाही, त्यानं विचारलं नाही. नव्या ढिगावरचा गोटा उचलून जुन्या ढिगाच्या खळग्यात बसवला. नीट बसला. मग गाडीशी आले, राजदीपला खाली उतरवलं, त्याच्या बाजूचं दार पूर्ण उघडलं आणि बाजूला उभी राहिले.

"उतरा," मी म्हणाले.

बांबूखालचा पाचोळा वाऱ्यानं हलला, बस. राजदीप माझ्याकडे बघत होता, बायको नीट आहे ना असं.

"चाल, बस," शेवटी म्हणाला. "आईले ऊन लागते."

पुढं गाडी कुठंही वाजली नाही, कुठंही थांबली नाही. मूल दिसायला लागल्यावर राजदीप हसलासुद्धा. "प्रफुलची मिशी वाचली."

अंगणात गाडी उभी केली. राजदीपनं आईंना हाताला धरून उतरवलं, तशी गाडीची डावी बाजू जरा वर आली. जुन्या स्प्रिंगा, माणूस उतरलं की कळतं. मी फाईल, चादर घेऊन उतरले, मागची बाजू वर आली. सगळे बाहेर होतो. रिकामी गाडी उन्हात उभी, ड्रायव्हरचं दार राजदीपनं घाईत उघडंच सोडलेलं.

त्या दाराकडची बाजू खाली दबली. सीटवरून दाराकडे सरकताना दबते, तेवढी. मग वर आली.

धूळ उडाली नाही. कुत्रं भुंकलं नाही.

"थांब रे," आईंचा आवाज आला. त्या राजदीपच्या आधारानं घराच्या दारापर्यंत पोचल्या होत्या. चौकटीला हात धरून त्या थांबल्या, मागं वळून अंगणाकडे पाहिलं, पदर आवरला आणि भिंतीला लागून एका बाजूला सरकल्या, मागून येणाऱ्या बाईला आत जायला वाट द्यावी तशा.

मी अजून गाडीपाशीच होते.